टाका आणि उसवण

गेल्या पावसाळ्यात चर्चच्या ओल्या पायरीवरून आमचा पाय घसरला आणि डावा घोटा मोडला. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे प्लास्टर फर्मावले. सकाळची मिस्सा आम्ही खुर्चीवर बसून अर्पण करीत असू. उरलेला दिवस मात्र पाय स्टुलावर ठेवून काढावयाचा. ज्याचा दिवस घराघरांतून फिरण्यात जातो, त्याला असे एका जागी बसणे किती जड जाते हे वेगळे सांगावयास नको.

त्याच सुमारास आमच्या धर्मग्रामाच्या महिला मंडळाने नाशिक बाजूच्या एका वसतिगृहातील मुलांसाठी लोकरीच्या टोप्या विणावयास घेतल्या होत्या. निफाडच्या पट्ट्यात ऐन थंडीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. वसईच्या दमट हवेत वाढलेल्या आपल्या मंडळींना त्या थंडीची कल्पना येणे कठीण. मंडळाला विणकाम शिकविणाऱ्या सिस्टर सत्तरी ओलांडलेल्या आहेत. आयुष्याची पुष्कळ वर्षे त्यांनी युरोपातील एका वृद्धाश्रमात सेवा केली आणि तेथल्या आजीबाईंकडून त्या दोन रंगांची नक्षी विणावयास शिकल्या. एके दुपारी त्या आमची विचारपूस करावयास आल्या. आमची कुरकुर त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "फादर, पाय मोडला आहे, हात तर धड आहेत ना?" दुसऱ्याच दिवशी आमच्या पुढ्यात पाच सुया, तांबड्या व पांढऱ्या लोकरीचे दोन गुंडे आणि चौकटींच्या कागदावर काढलेला एक नकाशा येऊन पडला.

विणकाम शिकविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्या नकाशाने आम्हांला एक प्रश्न घातला आणि तो अद्याप आमची पाठ सोडीत नाही. तो वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू. प्रश्न असा की, हातून झालेली चूक झाकावी केव्हा आणि उसवावी केव्हा?

प्रथम नकाशाविषयी. त्याची भाषा साधी असते. एक चौकट म्हणजे एक टाका. एक आडवी ओळ म्हणजे टोपीचा एक फेरा. भरलेली चौकट तांबडी, रिकामी चौकट पांढरी. आमच्या नकाशाची रुंदी २४ चौकटींची आणि उंची २३ ओळींची होती. टोपीचा घेर ९६ टाक्यांचा. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात तीच नक्षी चार वेळा यावयाची. चार सुयांवर टाके वाटून घ्यावयाचे आणि पाचव्या सुईने गोल गोल विणीत जावयाचे. नकाशा वाचावयाचा तो खालून वर आणि प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे. सेमिनरीत आम्ही थोडे हिब्रू शिकलो होतो, त्यामुळे उजवीकडून डावीकडे वाचण्याचे नवल वाटले नाही. परंतु तळापासून माथ्याकडे वाचावयाचा मजकूर आम्ही प्रथमच पाहत होतो. सिस्टरांनी कारण सांगितले. कापड खालून वर वाढते आणि विणणाऱ्याचे काम उजवीकडून डावीकडे सरकते. नकाशा कापडाच्या वाढीप्रमाणे चालतो, वाचणाऱ्याने आपली सवय बदलावयाची.

नक्षी होती आठ पाकळ्यांच्या फुलाची. पाहणाऱ्याला ते चांदणीसारखे दिसते. हे फूल नॉर्वेमधील सेल्बू या गावाच्या नावाने ओळखले जाते आणि त्या गावाच्या मानचिन्हावरही ते विराजमान आहे. १८५७ साली मरित गुल्डसेट नावाच्या तेथील एका मुलीने दोन रंगांत हे फूल विणलेले हातमोजे तयार केले. ते घालून ती चर्चमध्ये गेली आणि उपासना आटोपताच गावातील बायकांनी तिला गराडा घातला, असे तेथे सांगितले जाते. पुढे त्या हातमोज्यांवर गावातील कित्येक घरांच्या चुली पेटल्या. आपल्याकडेही मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात नव्या लुगड्याच्या काठाची चौकशी होतच असते. तेव्हा आमच्या भगिनींना या कथेत परके असे काही वाटणार नाही.

दोन रंगांच्या विणकामात एका टाक्याला एकच रंग पुढे येतो. दुसरा रंग त्या वेळी मागून चालत असतो. आम्ही तांबडा धागा उजव्या हातात आणि पांढरा डाव्या हातात धरावयास शिकलो. मागून जाणारा धागा ताणला गेला की कापड आवळते आणि टोपी डोक्यात शिरत नाही. तो फार सैल राहिला तर घालणाऱ्याची बोटे त्यात अडकतात. पाचांहून अधिक टाके लागोपाठ एकाच रंगाचे असतील, तर मधेच एकदा मागचा धागा पुढच्या धाग्यात अडकवून घ्यावा लागतो. म्हणून सिस्टर कोणाचीही टोपी हातात घेतली की प्रथम ती उलटी करतात. मंडळातील बायका याला हसत. पुढे पुढे त्यांनाही तीच सवय लागली.

आता चुकांकडे वळू. पहिल्या टोपीत सातव्या ओळीत आम्ही एका जागी तांबड्याऐवजी पांढरा टाका विणला. पाकळीच्या मधोमध एक पांढरा ठिपका उमटला. तो लक्षात आला तेव्हा आम्ही वर नऊ ओळी चढलो होतो. आम्ही मोठ्या अपराधी भावनेने टोपी सिस्टरांपुढे धरली. त्यांनी शिवणाची जाड सुई घेतली, तीत तांबड्या लोकरीचा तुकडा ओवला आणि त्या पांढऱ्या टाक्याच्या वळणावरूनच सुई फिरवून त्याच्यावर तांबडा टाका घातला. ठिपका नाहीसा झाला. एक मिनिटाचेही काम नव्हते. "एवढ्यासाठी नऊ ओळी उसवणे म्हणजे लोकरीवर अन्याय," असे म्हणून त्यांनी टोपी परत दिली. त्या दिवशी आम्हांला फार बरे वाटले. देवाच्या दयेवर आम्ही आजवर जी प्रवचने केली, त्यांत असा चपखल दृष्टान्त आम्हांला सुचला नव्हता.

दुसऱ्या टोपीच्या वेळी मात्र निराळे घडले. चौथ्या ओळीत कोठेतरी दोन टाके एकत्र विणले गेले असावेत. फेरा संपला तेव्हा शेवटच्या फुलाला एक टाका कमी पडला. मोजून पाहिले तर सुयांवर ९६ ऐवजी ९५. संध्याकाळ झाली होती, प्रार्थनेची घंटा होत होती. आम्ही कोठे चुकलो ते शोधीत बसलो नाही. फेऱ्याच्या शेवटी सुईवर एक जादा वेढा घेतला आणि टाके पुन्हा ९६ केले. हिशेब जुळला! नंतरच्या सात ओळी कोठेही न अडखळता पार पडल्या, कारण आकडा बरोबर होता. परंतु अकराव्या ओळीवर पाय लांब करून टोपी दूर धरली तेव्हा दिसले की, चार फुलांपैकी तीन फुलांचा वरचा भाग खालच्या भागापासून एक टाका डावीकडे सरकला आहे. पाकळ्या मधेच मोडल्यासारख्या दिसत होत्या.

आम्ही सिस्टरांना म्हटले, "मागच्यासारखा वरून टाका घालता येईल का?" त्या टोपी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, मागच्या वेळी रंग चुकला होता. आता मोजणी चुकली आहे. आणि चुकलेली मोजणी जुळली आहे असे तुम्ही दाखविले आहे. वरून किती टाके घालणार? टोपी लाकडासारखी ताठ होईल आणि फूल तरीही वाकडेच राहील. हे उसवावेच लागेल." त्यांनी सुया काढून घेतल्या आणि धाग्याचे टोक आमच्या हाती दिले. सात ओळी आणि वर ती चौथी, असे आठ फेरे, साडेसातशेहून अधिक टाके, आम्ही आमच्याच हाताने ओढून काढले.

वाचक म्हणतील, एका टोपीचे एवढे काय? खरे आहे. परंतु एकदा चुकलेली मोजणी जुळली असे मानून पुढे गेलेली माणसे केवळ सुया घेऊन बसलेली नसतात. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांच्या मधोमध फेअर आयल नावाचे एक लहानसे बेट आहे. दोन रंगांच्या विणकामाची तेथील परंपरा जगप्रसिद्ध आहे. एका ओळीत दोनच रंग, परंतु ओळीओळीने रंगांची जोडी बदलत जाणारी. १५८८ साली स्पेनच्या आरमारातील 'एल ग्रान ग्रिफॉन' हे जहाज या बेटावर फुटले आणि त्यावरील शेकडो माणसे काही आठवडे तेथे अडकून पडली. इथवर इतिहास आहे. पुढे कोणीतरी असे लिहिले की, बेटावरील स्त्रियांना ही नक्षी त्या स्पॅनिश खलाशांनी शिकविली. गोष्ट सुरस होती, म्हणून एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहिली. त्या खलाशांचा धर्म आमचाच, तेव्हा प्रथम वाचली त्या वेळी आम्हांलाही ती गोड लागली, हे कबूल केले पाहिजे. परंतु विणकामाचे अभ्यासक ती खरी धरीत नाहीत. तिला काही पुरावा नाही आणि तसल्या नक्षी उत्तर युरोपातील इतर किनाऱ्यांवरही आढळतात. एका ओळीत मोजणी चुकली आणि वरच्या सगळ्या ओळी तिच्यावर चढल्या. त्यात हानी कोणाची झाली? थंडीवाऱ्यात, समईएवढ्या उजेडात ज्यांनी ती कला वाढविली, त्या बेटावरील स्त्रियांची. त्यांच्या हातचे श्रेय परक्याच्या पदरात गेले.

संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीचा विचार करताना पैसा आणि वस्तू यांच्याबरोबर माणसाच्या लौकिकाचाही विचार केला आहे. ज्याने असत्य बोलून दुसऱ्याचे नाव घालविले, त्याने आपण असत्य बोललो हे कबूल करून ते नाव परत दिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. सेमिनरीत आम्ही हे वाचले, परीक्षेत लिहिले आणि चांगले गुणही मिळविले. पुढे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही तेच सांगितले आहे, आणि त्याला एक जोड आहे. अपराधाची क्षमा मिळाली तरी भरपाईचे कर्तव्य उरतेच. ती उघडपणे करणे अशक्य असेल तर खाजगीत करावी, पण करावी. हेही आम्ही इतरांना शिकविले. परंतु धाग्याचे टोक हातात घेऊन आम्ही त्या दुपारी आठ फेरे उसवीत होतो तेव्हा आम्हांला ना अक्वायनस आठवले, ना तो ग्रंथ. आम्हांला आठवले एक मास्तर.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रमुख धर्मगुरू म्हणून ते आमचे पहिलेच धर्मग्राम. तेथील चर्चचे हिशेब एक निवृत्त प्राथमिक शिक्षक विनामोबदला लिहीत असत. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. एका वर्षी सणाच्या वर्गणीत चार हजार दोनशे रुपये कमी भरले. मास्तरांनी तीन वेळा बेरजा केल्या. आम्ही तरुण होतो, व्यवस्थेचा मोठा अभिमान होता. पुढच्या रविवारी सूचना वाचताना आम्ही वेदीवरून म्हणालो की, ज्यांच्या हाती देवाचा पैसा असतो त्यांनी तो अधिक जपून हाताळावा. नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वह्या आणि किल्ली आणून आमच्या टेबलावर ठेवली, त्यांबरोबर चार हजार दोनशे रुपयेही ठेवले आणि ते काहीही न बोलता गेले.

चार महिन्यांनी प्रवचनाच्या एका जुन्या वहीत आम्हांला मांडववाल्याची पावती सापडली. रक्कम चार हजार दोनशे. सणाच्या घाईत आम्हीच ती आमच्या हाताने दिली होती आणि मास्तरांना सांगावयास विसरलो होतो.

आम्ही त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागितली, पैसे परत केले. मास्तरांच्या पत्नीने चहा दिला. मास्तर म्हणाले, "होते असे कधी कधी, फादर." आम्ही पापकबुली केली, क्षमाही मिळाली. परंतु वेदीवरून जे बोललो ते वेदीवरून परत घेण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. नव्या धर्मगुरूचा शब्द हलका पडेल, असे आम्ही स्वतःला सांगितले. त्याऐवजी पुढच्या सणाला आम्ही शाल आणि श्रीफळ देऊन मास्तरांचा जाहीर सत्कार केला आणि त्यांच्या सेवेचे भरभरून कौतुक केले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. ९५ टाक्यांवर आम्ही एक वेढा घेतला आणि हिशेब जुळविला. दोन वर्षांनी आमची बदली झाली. मास्तरांनी पुन्हा कधी चर्चच्या वह्यांना हात लावला नाही.

प्लास्टर निघाले आणि पाय जमिनीला लागू लागला, तेव्हा आम्ही त्या गावी गेलो. मास्तर काही वर्षांपूर्वीच देवाघरी गेले होते, हे आम्हांला ठाऊक होते. त्यांच्या पत्नी ओटीवर भाजी निवडीत बसल्या होत्या. आम्ही येण्याचे कारण सांगितले. येत्या रविवारी तेथील फादरांच्या परवानगीने वेदीवरून सर्व काही सांगावे, असा आमचा विचार होता. त्यांनी हातातील जुडी खाली ठेवली.

"फादर," त्या म्हणाल्या, "तेव्हाची माणसे आता किती उरली? निम्मे गाव नवे आहे. त्यांना यातले काहीच ठाऊक नाही. तुम्ही वेदीवरून सांगाल, तेव्हा आधी लोकांना कळेल की मास्तरांवर पैशाचा आळ होता. तो खोटा होता हे मागाहून. मागचे ऐकावयाला किती जण थांबतील?"

आम्ही निरुत्तर झालो. ज्या धैर्यासाठी आम्ही बावीस वर्षे घेतली, ते धैर्य आता त्यांच्या दृष्टीने नवा त्रास होता. आमच्या मनाची टोचणी घालविण्यासाठी त्यांचे घर पुन्हा चव्हाट्यावर येणार होते. उसवण्याची तयारी झाली की माणसाला वाटते, कापड आपलेच आहे. पण त्या कापडावर बावीस वर्षांच्या ओळी चढल्या होत्या आणि त्या इतरांनी विणल्या होत्या.

सिस्टरांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एक चित्र ठेवलेले असते. इसवी सन १४०० च्या सुमाराचे ते चित्र माइस्टर बेर्ट्राम या जर्मन चित्रकाराच्या नावाने ओळखले जाते. मूळ चित्र हँबर्गच्या कलासंग्रहालयात आहे. त्यात पवित्र मरिया सुयांवर गोल विणीत एक अंगरखा पूर्ण करीत आहे, बाळ येशू जवळच पुस्तक उघडून बसला आहे आणि देवदूत क्रूस, भाला, खिळे, काट्यांचा मुकुट घेऊन उभे आहेत. क्रूसाखाली सैनिकांनी ज्या बिनशिवणीच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या, तोच हा, अशी चित्रकाराची भावना. सैनिकांनी तो फाडला नाही, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. त्या ओटीवर बसून आम्हांला ते चित्र आठवले. उसवणे आणि फाडणे या दोन क्रिया पाहणाऱ्याला सारख्याच वाटतात. उसवल्यावर धागा अखंड राहतो, त्याचे पुन्हा काही विणता येते. फाडल्यावर चिंध्या उरतात. आम्ही उसवावयास आलो होतो आणि फाडण्याच्या बेतात होतो.

"मग काय करू?" आम्ही विचारले.

"माझ्या मुलाला सांगा," त्या म्हणाल्या. "तेव्हा तो नववीत होता. शाळेत कोणीतरी त्याला बोलले होते. घरी येऊन त्याने काही सांगितले नाही, पण मला कळले. आणि गावातली जुनी चार-सहा माणसे उरली आहेत, त्यांच्या घरी जाऊन सांगा. बाकी गावाला नको."

मुलगा संध्याकाळच्या गाडीने कामावरून आला. आता तो पस्तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. आम्ही सांगत असता तो उभाच राहिला. सांगून झाल्यावर त्याने विचारले, "बाबांना हे ठाऊक होते?" आम्ही म्हणालो, "होय. चार महिन्यांनी कळले." "मग ते मला का बोलले नाहीत?" याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. त्याच्या आईने दिले. "त्यांनी सांगितले असते तर तू शाळेत सांगितले असतेस. मग फादरांचे नाव गेले असते."

तो आत निघून गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आम्ही निघालो तेव्हा बॅटरी घेऊन रस्त्यापर्यंत सोडावयास मात्र आला. क्षमा केली, असे तो म्हणाला नाही. आम्हीही मागितली नाही.

पुढील दोन शनिवार आम्ही सहा घरी गेलो. प्रत्येक घरी पावतीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. एका आजोबांना ऐकू कमी येते, त्यांना ती मोठ्याने दोनदा सांगावी लागली. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आम्हांला तर वाटले होते, फादर, की तुम्ही मास्तरांना सांभाळून घेतलेत. शाल दिलीत ना!" एवढी वर्षे तो सत्कार आमच्या दृष्टीने भरपाई होता. गावाच्या दृष्टीने ती चोराला दिलेली क्षमा होती. वरून घातलेल्या टाक्याने चूक झाकली गेली नव्हती. ती मास्तरांच्या अंगावर पक्की बसली होती.

तेव्हा प्रश्नाकडे परत येऊ. झाकावे केव्हा, उसवावे केव्हा? आमच्या अल्प अनुभवातून जे हाती लागले ते असे. जेथे केवळ रंग चुकला आहे आणि टाका जागेवर आहे, तेथे वरून टाका घालावा. घरात रागाने निघालेला शब्द, विसरलेला वाढदिवस, उशिरा दिलेले उत्तर, अशा चुका दुसऱ्याच्या प्रेमळ टाक्याने बुजतात; त्यांचा वारंवार हिशेब काढणे म्हणजे लोकरीवर अन्याय. परंतु जेथे मोजणी चुकली, एकाचे दुसऱ्याच्या खात्यावर गेले, कोणाचे नाव, कोणाची जमीन, कोणाचे श्रेय सरकले, तेथे वरचा टाका उपयोगी पडत नाही. तेथे धाग्याचे टोक शोधावे लागते. आणि टोक सापडल्यावरही ते एकदम ओढावयाचे नसते. या कापडावर आणखी कोणाकोणाचे टाके आहेत, हे आधी विचारावे लागते. आणि ज्याची हानी झाली, किती उसवावयाचे हे त्याने ठरवावयाचे असते. शिवाय जितका उशीर होतो तितक्या ओळी वर चढतात. मांडववाल्याची पावती सापडली त्या रविवारी दोन वाक्ये पुरली असती.

उसवलेली लोकर सरळ राहत नाही. जुन्या टाक्यांची वळणे तिच्यात तशीच राहतात. ती पुन्हा विणावयास घेतली तेव्हा टाके असमान पडू लागले. सिस्टरांनी ती आमच्याकडून काढून घेतली, खुर्चीच्या पाठीवर तिची लड केली, कोमट पाण्यात भिजविली आणि खाली वजन बांधून दोरीवर वाळत टाकली. पावसाळी हवेत ती वाळावयास तीन दिवस लागले. वळणे पुष्कळशी गेली, थोडी राहिली.

ती टोपी आम्ही पूर्ण केली. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी टाके मोजले. चारही फुले सरळ आली आहेत. महिला मंडळाने नोव्हेंबरात एकूण चाळीस टोप्या पाठविल्या, त्यांत आमच्या तीन होत्या. त्यांतील एक उसवलेल्या लोकरीची आहे. ती कोणत्या मुलाच्या डोक्यावर गेली हे आम्हांला ठाऊक नाही. पेटीत भरण्यापूर्वी सिस्टरांनी तीही उलटी करून पाहिली, मागचे धागे बोटाने चाचपले आणि काही न बोलता पेटीत ठेवली.